खोली संस्थेची, संगत विद्यार्थ्यांची

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई आयआयटीतल्या वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली गेली. निषेध म्हणून काही विद्यार्थी तिथे मांसाहारी जेवण घेऊन बसले आणि त्यांच्यातल्या एकाला १०,००० रुपये दंड झाला. त्यानंतर वर्तमानपत्रांत, चॅनेलांवर आणि घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जो वाद झाला तो मला अजून सलतो. मुळात प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता. एक बाजू म्हणत होती की विद्यापीठाच्या फाटकातून आत आलं की प्रत्येक जण फक्त विद्यार्थी असतो. जात, धर्म, प्रांत बाहेर ठेवून यावं. फुले-आंबेडकर अभ्यास मंडळं, ईशान्येकडच्या मुलांच्या संघटना, मुस्लिम मुलामुलींचे गट, या सगळ्यांनी कॅम्पसमध्ये फूट पडते. दुसरी बाजू म्हणत होती की ज्याला त्याला आपल्या माणसांत सुखाने राहू द्या; वेगळं टेबल, वेगळी विंग, वेगळा मजला असला तर कुणाचं काय बिघडलं? पुष्कळदा ही दोन्ही मतं एकाच माणसाची होती. पहिलं मत इतरांच्या मंडळांबद्दल होतं, दुसरं स्वतःच्या टेबलाबद्दल.

माझं म्हणणं सरळ आहे. खोली, मेस, प्रयोगशाळेतला गट, प्रोजेक्टची जोडी या गोष्टी संस्थेच्या हातातल्या आहेत, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आहेत. तिथे संस्थेने विद्यार्थ्यांना जाणूनबुजून मिसळलं पाहिजे. मात्र संध्याकाळी कुणासोबत बसायचं, कुणाची जयंती साजरी करायची, कोणतं अभ्यास मंडळ काढायचं, हे विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडलं पाहिजे. संस्थेने त्यात नाक खुपसू नये. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. पहिल्या सत्रानंतर खोल्या आणि विंगा ‘ज्यांचं जमतं त्यांनी एकत्र घ्या’ म्हणून मोकळ्या सोडल्या जातात, आणि चार मुलांनी मिळून अभ्यास मंडळ काढलं की त्याची घटना, उद्दिष्टं, पाहुण्यांची नावं, पोस्टरवरचा मजकूर यांची छाननी सुरू होते.

गट फूट पाडतात, हे गृहीतक आधी तपासू. कोणतंही मंडळ निघण्याच्या कितीतरी आधी, प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी, मुलं एकमेकांना चाळणीतून काढतात. आडनाव विचारलं जातं. आडनावावरून कळलं नाही तर गाव आणि मग गावातली आळी. आयआयटीत ‘रँक किती?’ हा प्रश्न पुरतो, कारण रँकवरून प्रवेश कोणत्या कॅटेगरीतून झाला हे ताडता येतं. हे इतकं सर्रास चालतं की २०२३ साली मुंबई आयआयटीला मार्गदर्शक सूचना काढून विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतली रँक विचारू नये असं लेखी सांगावं लागलं. मागच्या वर्षांच्या नोट्स कुणाकडून कुणाकडे जातात, इंटर्नशिपची खबर आधी कुणाला लागते, व्हायवाला कोणते सर काय विचारतात हे कुणाला ठाऊक असतं, या सगळ्याचे प्रवाह त्याच चाळणीतून वाहतात. या जाळ्याला नाव नसतं, फलक नसतो, अध्यक्ष नसतो. त्यामुळे त्याच्यावर ‘गट’ असा शिक्काही बसत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटले आहेत, असं समितीला दिसलं. ती मुलं काही फलक लावून तिथे गेली नव्हती. आधीच्या खोल्यांत राहणं अशक्य झाल्याने ती सरकत सरकत तिथे पोचली होती. मग फूट पाडली कुणी? त्या मजल्यावर नंतर एखादं मंडळ निघालं असतं, तर दोष मंडळाचा म्हणायचा का?

या प्रश्नावर महाराष्ट्रात बोलताना कोल्हापूरचं उदाहरण टाळून पुढे जाताच येत नाही. दोन्ही बाजू ते आपापल्या सोयीने वापरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहं काढली, हे सर्वांना ठाऊक असतं. त्यांनी सुरुवात तशी केली नव्हती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या जोडीने निघालेलं वसतिगृह सर्व जातींसाठी खुलं होतं. नियमात कुणालाच बंदी नव्हती. प्रत्यक्षात व्यवस्थापन ब्राह्मणांकडे होतं आणि ते वसतिगृह काही काळातच फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांचं होऊन बसलं. ‘सर्वांसाठी खुलं’ या शब्दांची ताकद किती, हे महाराजांनी तिथे पाहिलं. त्यानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. लिंगायत, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचीही सोय झाली. खेड्यातून आलेल्या मुलाला आधी छप्पर, दोन वेळचं जेवण आणि ‘तू इथे परका नाहीस’ असं सांगणारी माणसं मिळाली. तेवढं मिळाल्यावरच तो वर्गात टिकला.

म्हणून वेगळेपण हाच शाहू महाराजांचा मार्ग होता, असं कुणी म्हणेल तर तेही अर्धवट आहे. याच राजाने १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. एकीकडे वेगळी वसतिगृहं उभारायची आणि दुसरीकडे वेगळ्या शाळा बंद करायच्या, यात विसंगती आहे का? मला नाही वाटत. वसतिगृह समाजाने आपल्या मुलांसाठी चालवलेलं घर होतं, शाळा दरबाराची होती. जे दरबाराचं आहे त्यात वेगळं बाक चालणार नाही, आणि समाज आपल्या बळावर जे उभारतो त्याला दरबार जमीन देईल, देणगी देईल, बंदी घालणार नाही. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरने ओळखलेला हा भेद आजच्या कुलगुरूंना आणि संचालकांना ओळखता येऊ नये, याचं मला दुःख होतं.

कोल्हापूरचीच पुढची कडी म्हणजे भाऊराव पाटील. कुंभोजचा हा मुलगा शिकायला जैन बोर्डिंगमध्ये राहिला. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. आपल्या माणसांचा गट आधार देतो तसा कोंडतोही, हे भाऊरावांइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. त्यांनी पुढे काय केलं? १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं जिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. जातवार वसतिगृहं काढणाऱ्या राजाचं नाव भाऊरावांनी मिश्र वसतिगृहाला दिलं, कारण हे त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे हे त्यांना दिसत होतं. आणि साताऱ्याचं मिसळणं आपोआप घडलं नाही, हे विशेष लक्षात घ्यायला हवं. कोण कुठे झोपेल, कोण भाकरी थापेल, कोण शेतात राबेल, हे सगळं संस्थेने ठरवलं होतं. कामाचं वाटप जात पाहून होत नव्हतं. मुलांना एका छपराखाली सोडून ‘आता तुम्ही मिसळा’ असं भाऊरावांनी म्हटलं नाही.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ, आणि सगळ्यात बळकट मुद्दा आधी. विद्यार्थ्यांचे समुदायाधारित गट खरोखरच ओळखी टोकदार करतात का? करतात, आणि त्याला पुरावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर जिम सिडॅनियस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा पुढची काही वर्षं पाठपुरावा केला. वांशिक गटांत सामील झालेल्या विद्यार्थ्यांमध्ये आपल्यावर अन्याय होतो ही भावना आणि ‘त्यांचं वाढलं तर आपलं घटणार’ ही भावना वाढलेली दिसली. गटांची बाजू घेणाऱ्याने हे लपवू नये. गटात बसून तेच तेच ऐकलं की माणूस कडवट होऊ शकतो, हे आपणही पाहतो. पण याच अभ्यासाचं उरलेलं म्हणणं वादात कधी येत नाही. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या, प्रतिष्ठित फ्रॅटर्निटी क्लबांत जाणाऱ्यांवरही जवळपास तसाच परिणाम झाला होता. म्हणजे दोष अल्पसंख्याकांनी संघटित होण्यात नव्हता. एकाच प्रकारच्या माणसांत सगळा वेळ घालवण्यात होता. आणि त्याच संशोधकांना त्याच कॅम्पसवर असंही आढळलं की वेगळ्या वंशाचा रूम पार्टनर योगायोगाने वाट्याला आलेल्या विद्यार्थ्यांचे पूर्वग्रह बहुतेक बाबतींत कमी झाले. मंडळ बंद करण्याचा सल्ला यातून निघत नाही. मंडळातून परत आल्यावर दार उघडायला वेगळ्या घरातून आलेलं माणूस असावं, हा निघतो.

आणि गट बंद करायचेच, तर कुणाचे? अमेरिकेत एमएस करायला निघालेला पुण्याचा मुलगा व्हिसा यायच्या आधी त्या विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मराठी रूममेट शोधू लागतो. विमानतळावर त्याला घ्यायला भारतीय विद्यार्थी संघटनेतला कुणीतरी येतो, पहिले काही दिवस त्याच्याच सोफ्यावर झोपायला मिळतं. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्या मंडळाने ब्रिटिश समाजात फूट पाडली असं आपण कधी म्हटलं नाही. परक्या ठिकाणी आपली भाषा बोलणारं, आपलं जेवण जेवणारं माणूस हवंसं वाटणं ही साधी मानवी गरज आहे, हे आपण स्वतःच्या बाबतीत एका क्षणात मान्य करतो. मग गडचिरोलीहून पुण्याला आलेल्या माडिया गोंड मुलीला पुणे परकं वाटत नसेल का? तिला लंडनच्या मराठी माणसाइतकीच मंडळाची गरज नसेल का?

पुण्यालाच हे एकदा कळलं होतं. १९७० च्या आसपास फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असलेल्या शां. ब. मुजुमदारांना एक परदेशी विद्यार्थी काविळीने खोलीत एकटाच पडून असल्याचं कळलं. त्याची एक ओळखीची मुलगी खिडकीतून त्याला जेवण देत होती. भोवती शेकडो मुलं राहत होती, नियमाने तो सगळ्यांच्यातच होता. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी केंद्र निघालं आणि त्यातून सिम्बायोसिस उभं राहिलं. त्या विद्यार्थ्याला ‘आम्ही सगळे एकच आहोत’ या वाक्याचा उपयोग नव्हता. आपली विचारपूस करणारी माणसं त्याला हवी होती. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा आणि मारहाणीच्या घटनांनंतर ईशान्येकडचे विद्यार्थी गाड्या भरभरून पुणे सोडून गेले, तेव्हाही तीच उणीव उघडी पडली. वर्षानुवर्षं इथे शिकणाऱ्या त्या मुलांना ‘आमच्या घरी येऊन राहा’ म्हणणारी पुणेकर मित्रांची घरं किती होती? वर्ग एकच होता, पण वसतिगृह, मेस, भाड्याची खोली, सगळंच वेगळं पडलेलं होतं.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिलं तरी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. १९१३ मध्ये कोलंबियाला गेल्यावर ते काही काळ भारतीय विद्यार्थ्यांनी चालवलेल्या क्लबात राहिले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैसा उभा करताना भथेना उपयोगी पडले. १९१७ मध्ये हाच कोलंबियात शिकलेला विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. माणसाला खोली कुठे मिळते आणि तिथे शेजारी कोण असतं, यावर किती काय ठरतं!

मग कोणता गट चालेल आणि कोणता नाही, याची कसोटी काय? मी एकच प्रश्न विचारेन: त्या गटाच्या हातात सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूची किल्ली आहे का? शाकाहारी विद्यार्थ्यांनी रोज एकत्र बसून जेवावं, कुणाची हरकत असायचं कारण नाही. त्यांच्यासाठी वेगळे डाव, वेगळी भांडी, वेगळा काउंटर हवा, हेही रास्त आहे. लहानपणापासून घरात मांस न पाहिलेल्या मुलीला शेजारच्या ताटातल्या वासाने खरंच मळमळतं, त्या त्रासाची चेष्टा करू नये. पण ती उठून दुसरीकडे बसू शकते. टेबल मेसचं आहे, मेस सगळ्यांची आहे. त्यावर इतरांनी बसू नये असा नियम आणि बसलं तर दंड, इथे सार्वजनिक वस्तूची किल्ली एका गटाच्या हाती गेली. याउलट २०१५ मध्ये मद्रास आयआयटीने ज्या आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढली, त्यांच्या हातात काय होतं? पत्रकं आणि चर्चा. एका निनावी तक्रारीवरून मंत्रालयाने पत्र पाठवलं आणि संस्थेने मान्यता काढून टाकली. देशभर निदर्शनं झाल्यावर जूनमध्ये ती परत द्यावी लागली. पत्रक आवडलं नाही तर न वाचण्याची मुभा प्रत्येकाला होती. या कसोटीवर फुले-आंबेडकरवादी गटही सुटणार नाहीत. उद्या एखाद्या मंडळाने अभ्यासिकेतल्या जागा आपल्याच मुलांसाठी अडवल्या, तर तिथेही माझं मत हेच राहील.

आता स्वतःच्या भूमिकेतला सगळ्यात अवघड भाग. मिसळून ठेवणं नेहमी चांगलं असतं का? मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. जळगावची ही आदिवासी डॉक्टर स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. त्यांच्यापैकी दोघींसोबत ती सुरुवातीला एकाच खोलीत राहत होती. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. पण ज्याला मी उपाय म्हणतो आहे, तीच गोष्ट, म्हणजे वेगळ्या समाजातल्या मुलींबरोबरची सामाईक खोली, तिथे होती, हे नजरेआड करून मला पुढे जाता येणार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच सांगून ठेवलं होतं की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. एकत्र आलेल्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, काम एकमेकांवर अवलंबून हवं आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्या मिसळण्याला स्पष्ट पाठिंबा हवा. निवासी डॉक्टरांच्या विभागात वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली उतरंड इतकी उभी असते की कनिष्ठाची ड्युटी, शस्त्रक्रियेतला हात, सगळं वरिष्ठाच्या मर्जीवर ठरतं. तिथे खोली एक असणं म्हणजे दिवसाचा अधिकार रात्रीपर्यंत लांबवणं. त्यामुळे माझ्या मागणीला अट आहे. मिसळायचं ते एकाच वर्षाच्या, एकाच पायरीवरच्या विद्यार्थ्यांना. आणि तक्रार आल्यावर खोली सोडावी लागली तर ती त्रास देणाऱ्याने, त्रास सोसणाऱ्याने नव्हे. शिवाय अशा प्रसंगी गटाची गरज नाहीशी होत नाही, ती वाढते. रात्री अकरा वाजता फोन करता येईल असं माणूस संस्थेच्या समितीत सहसा सापडत नाही, मंडळात सापडतं.

योग्य अटींवर मिसळल्याने फरक पडतो, याचे पुरावे परदेशातूनच आणायची गरज नाही. दिल्लीत सरकारने महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखायला लावल्यावर अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र असलेली मुलं जास्त उदार झाली होती, रिलेसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना कमी टाळत होती, आणि त्यांच्या मार्कांना पालकांना भीती होती तसं मोठं नुकसान झालं नव्हतं. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या स्पर्धा भरवून वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकून संघांत वाटलं. एकाच संघातून खेळलेल्यांच्या जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. मात्र समोरासमोर फक्त प्रतिस्पर्धी म्हणून भेटल्याने तसा फायदा झाला नाही. आपल्या कॅम्पसवर दोन समाजांची मुलं एकत्र येतात ती बहुधा स्कॉलरशिपच्या रांगेत आणि कटऑफच्या यादीत, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणूनच. एका संघात ती केव्हा येतात?

रूम पार्टनर निवडणं हे माझं स्वातंत्र्य नाही का, असं विद्यार्थी विचारतील, आणि प्रश्न योग्य आहे. मी फक्त पहिल्या वर्षाबद्दल, फार तर पहिल्या दोन वर्षांबद्दल बोलतो आहे. अठराव्या वर्षी केलेली ‘निवड’ ही बहुतेक वेळा आई-वडिलांच्या ओळखीची आणि क्लासच्या बॅचची निवड असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रूम पार्टनर निवडण्याची मुभाच काढून घेतली, कारण समाजमाध्यमांवर आधीच जोड्या जुळवून येणारी मुलं आपल्यासारख्यांनाच निवडत होती. झोपेची वेळ, सिगारेट, आजारपण यांचा विचार संस्थेने जरूर करावा. जोडी जमलीच नाही तर बदलाची सोय असावी. पण बदल हा अपवाद असावा आणि त्याचं कारण रेक्टरच्या वहीत लिहिलं जावं. ‘त्याचं आमचं जमणार नाही’ हे कागदावर लिहायची वेळ आली की पुष्कळांचं जमून जाईल.

शासनाची जबाबदारी इथे मोठी आहे. आपल्या राज्यात समाजकल्याणचं वसतिगृह वेगळं, आदिवासी विकास विभागाचं वेगळं, कुणाला राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वाधार योजना, कुणाला स्वयम्, संशोधकांसाठी वेगवेगळ्या प्रवर्गांच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था. प्रत्येक व्यवस्थेमागे खरी गरज आहे आणि प्रत्येक हक्क भांडून मिळवलेला आहे. पण फेलोशिपसाठी आंदोलनाला बसणारा संशोधक आपल्या प्रवर्गातल्या लोकांसोबतच बसतो, कारण त्याची मागणीच स्वतंत्र संस्थेकडे असते. त्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणण्याची तरतूद केली, पण त्या लांबणीवरच पडत राहिल्या. हिंसा खरी होती, बंदीमागची भीती मला समजते. तरी परिणाम पाहा. मेसच्या जेवणासाठी, फीसाठी, निकालाच्या घोळासाठी सगळ्या समाजांच्या मुलांनी एकत्र येऊन मतं मागायची, हरायचं, तडजोड करायची, अशी एक जागा होती ती गेली. सामाईक व्यासपीठ काढून घेतल्यावर मुलं जातीच्या आणि प्रांताच्या मंडळांतच जमतात, ही तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

माझं म्हणणं एका ठिकाणी विपर्यस्त होईल, हे मला दिसतं. ‘मिसळायचं ना, मग समाजकल्याणची वसतिगृहं कशाला? करा बंद’ असं कुणीतरी म्हणेल. तसं झालं तर आपण पुन्हा १८९६ च्या ‘सर्वांसाठी खुल्या’ वसतिगृहात जाऊन पोचू, जिथे नियमाने सगळे होते आणि प्रत्यक्षात एकाच समाजाची मुलं राहत होती. हैदराबाद विद्यापीठात आंबेडकरवादी विद्यार्थी संघटनेतला संशोधक रोहित वेमुला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना शिक्षा म्हणून वसतिगृहातून काढलं गेलं होतं, कॅम्पसच्या सामाईक जागांतही बंदी घातली होती. १७ जानेवारी २०१६ ला त्याने जीव दिला, त्याआधी ते पाच जण थंडीत उघड्यावर तंबू ठोकून राहत होते. छप्पर गेलं की काय उरतं, हे ज्यांना कधी अनुभवावं लागलं नाही त्यांनी वंचितांचं छप्पर काढून घेण्याची घाई करू नये. मिसळण्याची सुरुवात विद्यापीठांच्या आणि केंद्रीय संस्थांच्या मुख्य वसतिगृहांपासून व्हावी, जिथे आज विंगा आपापसांत वाटून घेतल्या जातात. तिथल्या पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, राखीव जागांच्या प्रमाणात तिथे खरोखर मुलं राहतात का हे दरवर्षी मोजून जाहीर करावं, आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांना हवं असेल तर तिथे येण्याचा दरवाजा पैशाअभावी बंद राहू नये. तो दरवाजा खरोखर उघडा आहे हे काही वर्षं दिसलं, तर वेगळ्या वसतिगृहात राहायचं की नाही हे त्यांचं ते ठरवतील. ते ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे.